हेलसिंकीजवळच्या कौनिआइनेन गावात तीन महिने: एकटीनं फिरायला रानातल्या वाटा कशा आहेत?

व्हॅक्सिनडेपोवाली (१२ मे)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, वय ६२, शाळेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली. मुलगी आणि जावई फिनलंडला असतात. आधी हेलसिंकीत होते, आता कौनिआइनेन म्हणून शेजारी एक गाव आहे तिथं घर घेतलंय. मे अखेरीला मी जाणार, नव्वद दिवसांचा व्हिसा मिळालाय. ह्यांचा गुडघा धड नाही म्हणून हे यायला तयार नाहीत.

प्रश्न असा की मला रोज सकाळी आमच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत तासभर चालल्याशिवाय चहा गोड लागत नाही, पंधरा वर्षांची सवय आहे. गेल्या खेपेला तिकडं गेले तेव्हा सोमवार ते शुक्रवार खिडकीत बसून शनिवार कधी येतो बघायची, कारण दोघं ऑफिसला, नातू पाळणाघरात, आणि जावई म्हणायचे आई तुम्ही एकट्या जाऊ नका आम्ही नेतो की. नेतात हो, पण गाडीत घालून नेतात आणि गाडीत घालून आणतात. ह्या खेपेला मला असं करायचं नाही. मुलगी म्हणते घराच्या मागंच रान आहे आणि त्यातनं वाटा आहेत.

तर विचारायचं होतं की एकट्या बाईनं त्या रानात जावं का? वाट चुकली तर? साप वगैरे? बोर्ड कुठल्या भाषेत असतात? आणि बूट कसले घेऊ, इथं बापट गल्लीत घेऊ का तिकडंच? कुणी राहिलेलं असेल तर जरा सविस्तर लिहा, ट्रॅव्हल कंपनीवाल्यासारखं नको.

---

खानापुरी_एस्पोत

काकू नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला, सात वर्षं झाली एस्पोत हाय, हेलसिंकीच्या शेजारचं शहर. तुमचं कौनिआइनेन म्हणजे काय तर चारी बाजूनं एस्पो आणि मधी हे एवढंसं गाव, फणसात आठळी असल्यागत. सगळं मिळून सहा चौरस किलोमीटर आणि वस्ती दहा हजाराच्या आसपास. १९०६ च्या सुमाराला हेलसिंकीच्या लोकांनी रेल्वे लाईनीच्या कडेला झाडीत बंगले बांधायला सुरुवात केली, त्यातनं हे गाव झालं, म्हणून अजून पण घरं कमी आणि झाडं जास्त असंच दिसतंय. हेलसिंकी स्टेशनातनं लोकल ट्रेननं अर्ध्या तासाच्या आत.

आता मुद्द्याचं. आपल्याकडं ट्रेक म्हटलं की पहाटे उठा, गाडी काढा, जांबोटी गाठा, मग चालायला सुरू. इथं तसं न्हाई. इथं वाट तुमच्या दारातनं सुरू होते. बिल्डिंगच्या मागनं एक खडीची वाट निघते, ती पुढं रानात शिरते, मोठा रस्ता आडवा आला तर खालनं बोगदा असतो, त्यातनं पलीकडं जायचं की परत रान. दोन दोन तास चालून एकदाही गाडीवाल्याला हात दाखवायला लागत न्हाई. मला पहिल्या वर्षी हेच खरं वाटत नव्हतं, मी बोगद्यातनं बाहेर आलो की मागं वळून बघायचो.

वाटा तीन तऱ्हेच्या धरा.

एक म्हणजे पुरूराता. पुरू म्हणजे लाकडाचा भुसा आणि राता म्हणजे ट्रॅक, पूर्वी पळायच्या वाटेवर भुसा टाकायचे त्यावरनं नाव. आता बऱ्याच ठिकाणी बारीक खडी असते, रात्री दिवे असतात, रुंद असते. तुमच्या गावात कासावुओरी म्हणून टेकडी हाय, तिथल्या रानात असल्या वाटा हायेत. सुरुवात इथनंच करा. आणि गावाच्या मधोमध गाल्ट्रेस्क नावाचं तळं हाय, आपल्या किल्ला तलावाएवढी गजबज न्हाई पण सकाळी बदकं असतात, त्याच्या कडेनं चालता येतं.

दुसरी म्हणजे साधी पायवाट, मुळं वर आलेली, दगड, चढउतार. फिनलंडमधी डोंगर असे न्हाईतच ह्या भागात, पण खडक हाय भरपूर, गुळगुळीत ग्रॅनाईट आणि त्याच्यावर शेवाळ. पाऊस पडून गेला की त्या खडकावर पाय ठेवू नका.

तिसरी म्हणजे फळ्यांची. दलदल असेल तिथं दोन दोन लांब फळ्या शेजारी शेजारी टाकून वाट केलेली असते, पित्कोसपूत म्हणतात. फोटोत लई भारी दिसते, पण ओली झाली की साबण. मी पहिल्याच पावसात त्यावरनं असा सरकलो की एक पाय मांडीपर्यंत चिखलात, बूट आतच ऱ्हायला, मग हात घालून हुडकून काढला. तेव्हा काकू, फळीवर आडवं पाऊल टाकायचं, घाई करायची न्हाई, आणि समोरनं कोण आलं तर थांबून त्याला जाऊ द्यायचं.

बूट इकडंच घ्या, नाहीतर बेळगावातनं आणायचे तर तळ खरखरीत बघून आणा, आणि आणायच्या आधी पंधरा दिवस डेपोत घालून फिरा म्हणजे चावायचे ते तिथंच चावतील.

सापाचं म्हणाल तर विषारी एकच, अ‍ॅडर, आपल्या फुरशाच्याच खानदानातला. पायाची धमक लागली की जातो बाजूला, मी सात वर्षांत दोनदा बघितला, दोन्ही वेळा ऊन खात पडलेला. त्याच्यापेक्षा गोचीड जास्त वाईट. हसू नका, म्हशीच्या कानातलं गोचीड न्हवे, हे तिळाएवढं असतं आणि त्यातनं लाईम नावाचा आजार होतो, मेंदूचा ताप पण होऊ शकतो. उंच गवतात जायचं झालं तर पँट मोज्यात खुपसायची आणि घरी आल्यावर गुडघ्याच्या मागं, काखेत, केसांच्या कडेला बघायचं. मेंदूच्या तापाची लस असते, मुलीला सांगा तिथल्या डॉक्टरला विचारायला.

वाट चुकायचं म्हणाल तर मोबाईलमधी ऑफलाईन नकाशा ठेवा, आणि ११२ सुओमी म्हणून अ‍ॅप हाय ते टाकून घ्या, त्यातनं ११२ ह्या मदतीच्या नंबरला फोन लावला की तुम्ही कुठं हाय ते तिथल्या माणसांना आपोआप कळतं. अंधाराची तर चिंताच न्हाई, जूनमधी सूर्य पहाटे चारच्या सुमाराला उगवतो आणि रात्री पावणेअकराला मावळतो. झोप कशी लागायची हा प्रश्न पडेल, जाड पडदे लावायला सांगा.

---

तिसरं_गेट

वाचून जळफळाट झाला. आम्ही तिसऱ्या रेल्वे गेटापासनं दुसऱ्या गेटापर्यंत चालतो तेवढ्यात दोन गटारीवरच्या फरश्या हलतात, एक बैल आडवा येतो आणि फुटपाथवर पाणीपुरीवाला. दारातनं रान म्हणे.

बोर्डाचं काकूंनी विचारलेलं राहिलं बघा. कुठल्या भाषेत असतात? आपल्याला बोर्ड म्हटलं की कान टवकारतात, काय करणार, जन्मच बेळगावात गेला 😄

---

खानापुरी_एस्पोत

हो ते सांगायचं राहिलंच, आणि बेळगाववाल्यांनी बघण्यासारखी गोष्ट आहे ती. कौनिआइनेन दोन भाषांचं गाव हाय, फिनिश आणि स्वीडिश. गावाला नावं पण दोन, स्वीडिशमधी ग्रानकुल्ला. गल्लीच्या पाटीवर दोन्ही नावं, एकाखाली एक. पूर्वी तिथं स्वीडिश बोलणारे जास्त होते, आता एक तृतीयांशाच्या आसपास आलेत म्हणून फिनिश वर आणि स्वीडिश खाली. कायदा असा की गावात दुसऱ्या भाषेचे लोक आठ टक्के असले किंवा तीन हजार असले तर गाव दोन भाषांचं, मग शाळा, कागदपत्रं, पाट्या सगळं दोन्हीत. आणि एकदा दोन भाषांचं झालं की टक्का सहाच्या खाली गेल्याशिवाय ते काढता येत न्हाई.

रानातल्या बोर्डावर बहुतेक ठिकाणी फिनिश, स्वीडिश, आणि मोठ्या जागी इंग्लिश पण. काकू तुम्हाला नकाशातला बाण आणि किलोमीटरचा आकडा कळला की झालं.

---

तिसरं_गेट

आठ टक्के!! आणि आमच्याकडं सरकारी नोटीस अल्पसंख्याकांच्या भाषेत द्यायला पंधरा टक्क्यांचा नियम १९५६ पासनं कागदावर आहे, इथं तर आम्ही मराठी लोक त्याच्या कितीतरी वर आहोत, तरी...

---

कॅम्पातला_वॉकर

थांब थांब बाबा, हा धागा काकूंच्या फिरण्याचा आहे, तू आता १९५६ पासनं सुरू केलंस की काकूंचा व्हिसा संपेल. सीमाप्रश्नाच्या धाग्यावर ये, तिथं बोलू.

एक मात्र म्हणतो. आपल्याकडं झाडं न्हाईत असं न्हाई. कॅम्पातली झाडं बघा, भर उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता मी सावलीतनं चालतो. व्हॅक्सिन डेपो आहे. किल्ला तलाव आहे. येळ्ळूरकडं गेलात तर राजहंसगडापर्यंत शेतातनं चालत जायला काय सुंदर. पण हे सगळे तुकडे आहेत, एकातनं दुसऱ्यात चालत जाता येत न्हाई. डेपोत चालायचं म्हणून लोक डेपोपर्यंत स्कूटर घेऊन येतात, गेटाबाहेर लावतात, आत फेऱ्या मारतात, परत स्कूटरवर. मी पण त्यातलाच. आणि पूर्वी शहापुरातनं, वडगावातनं बांधाबांधानं पुढच्या गावाला चालत जायची पद्धत होती, आजोबा येळ्ळूरला असेच जायचे. आता त्या बांधावर प्लॉट पडलेत, तारेचं कुंपण आहे.

---

व्हॅक्सिनडेपोवाली

स्कूटरचं अगदी खरं, मी पण ह्यांच्या गाडीवर मागं बसून जाते 🙈

खानापुरी बाळ, खूप आभार, प्रिंट काढून ठेवलंय. कुंपणाचा विषय निघाला म्हणून विचारते, तिथं रान कुणाचं असतं? मालक येऊन ओरडणार नाही ना? मला कुणी हटकलेलं सहन होत नाही.

---

खानापुरी_एस्पोत

न्हाई ओरडत. इथं प्रत्येकाचा हक्क म्हणून एक जुनी रीत हाय. रान कुणाच्या का मालकीचं असेना, तुम्ही त्यातनं चालू शकता, बसू शकता, ब्लूबेरी आणि अळंबी तोडू शकता, मालकाला विचारायला लागत न्हाई. अट एवढीच की कुणाच्या अंगणात शिरायचं न्हाई, पेरलेल्या शेतातनं जायचं न्हाई, जिवंत झाड तोडायचं न्हाई आणि परवानगीशिवाय जाळ करायचा न्हाई. अळंबी मात्र ओळखत नसाल तर हात लावू नका, आपल्या पावसातल्या अळंब्यांचा अनुभव इथं चालत न्हाई, प्रत्येक जात वेगळी. ब्लूबेरी चुकत न्हाई, जुलैच्या मध्यानंतर गुडघ्याखालच्या झुडपांना लागते, डबा घेऊन जायचं.

आणि एक दिवस सुट्टीला नूक्सिओला जा. नॅशनल पार्क हाय, १९९४ चं, उडती खार त्याचं चिन्ह. तुमच्या स्टेशनातनं ट्रेननं एस्पो स्टेशन, तिथनं २४५ नंबरची बस. तिकीट आधी काढायचं मोबाईलवर, ट्रेनमधी मिळत न्हाई, पण एकाच तिकिटावर ट्रेन बस ट्राम सगळं चालतं ठरलेल्या वेळेत. हाउक्कालांपी तळ्यापर्यंत बसमधनं उतरून दोनेक किलोमीटर चालायला लागतं, मग तिथनं रंगाच्या खुणांच्या फेऱ्या हायेत, दोन किलोमीटरपासनं सात किलोमीटरपर्यंत. ज्या रंगाची धरली ती सोडायची न्हाई. तळ्याकाठी जाळ करायच्या जागा असतात, सरपण तिथंच ठेवलेलं असतं फुकट, लोक सॉसेज भाजतात, आम्ही मक्याची कणसं नेतो, मीठ तिखट लिंबू घरनं. फक्त वणव्याची सूचना लागू असली की बघून घ्यायचं. कचऱ्याचा डबा कुठं नसतो, जे नेलं ते परत आणायचं, लिंबाची साल सुद्धा.

भीमगडला फॉरेस्टवाल्यांची परवानगी काढायला मी जेवढे हेलपाटे घातले तेवढ्यात इथं दहा वेळा नूक्सिओ झालं असतं, असो.

---

निपाणीचा_आजोबा

ताई, मी माझ्या पोराकडं दोनदा जाऊन आलोय, एकदा उन्हाळ्यात एकदा फेब्रुवारीत. तुम्ही उन्हाळ्यात जाताय ते बेस केलंय. माझी गंमत सांगतो. फेब्रुवारीत सगळीकडं बर्फ, आणि पोराच्या घरामागं रानात मस्त सपाट वाट, दोन बारीक रेघा मारलेल्या, मी म्हटलं वा, म्युनिसिपालिटीनं म्हाताऱ्यांसाठी केलेली दिसतीया. निघालो हातात काठी घेऊन. पाच मिनिटांत मागनं एक बाई सर्रकन आली, चाकरीवाली दिसत होती, थांबली आणि फिनिशमधी जे काय बोलली ते मला एक अक्षर कळलं न्हाई पण अर्थ सगळा कळला. ती वाट स्कीवाल्यांची. त्या रेघा स्कीच्या. आणि मी त्याच्यात आमच्या निपाणीच्या पायाचे खड्डे पाडत चाललो होतो, गाडीबैलानं नांगरलेल्या रानातनं जावं तसं. मागं वळून बघितलं तर माझेच खड्डे लांबपर्यंत. पोरगा म्हणाला बाबा ह्यापेक्षा चोरी केली असती तर कमी ओरडली असती.

दुसरं म्हणजे ऑक्टोबरनंतर कोण जाणार असेल तर कोटाला रिफ्लेक्टर लावायचा, लोलकासारखा लोंबता असतो, अंधारात गाडीवाल्याला दिसावं म्हणून. तिथं तो कायदाच आहे चालणाऱ्याला. डिसेंबरात दिवस सहा तासांपेक्षा कमी.

आणि मला सगळ्यात आवडलेली जागा सांगतो, रान न्हवे, पाण्याकाठची. लाजालाहती. पक्षी बघायचं राखीव ठिकाण हाय, बोरू माजल्यागत सगळीकडं लव्हाळं आणि त्यातनं फळ्यांची रुंद वाट, व्हीलचेअर जाईल अशी, पुढं मनोरा. माझ्या गुडघ्याला तीच झेपली. आणि एस्पोच्या समुद्राकाठनं रांतारैत्ती म्हणून वाट आहे, चाळीस किलोमीटर, सगळी करायची न्हाई काय, जिथं दमलात तिथनं बस. जागोजागी बाकडी आहेत. लेप्पावारा स्टेशनातनं १५ नंबरची ट्राम मिळते, २०२३ ला नवी सुरू झालीया, ती केइलानिएमीला नेऊन सोडते आणि तिथं समुद्रच.

मोइ, म्हणजे आपला नमस्कार, म्हणायचं समोरनं कोण आलं की. जास्त बोलायला जाऊ नका, घाबरतात.

---

कंग्राळी_रनर

हेलसिंकीतलं सेंट्रल पार्क पण लिहा कोणीतरी, मी कॉन्फरन्सला गेलो होतो तेव्हा पळालो. शहराच्या मधनं सुरू होतं आणि दहा किलोमीटर उत्तरेला नदीपर्यंत रानच रान. मधे हरवलो नाही कारण हरवायला वाटच देत नाहीत, दर फाट्यावर पाटी. परत येताना लोकल ट्रेन. बस एवढंच, बाकी वरच्यांनी लिहिलंच आहे.

---

व्हॅक्सिनडेपोवाली (२८ जुलै)

मंडळी, दोन महिने झाले, राहिलंच होतं लिहायचं. कौनिआइनेनहून लिहितेय, रात्रीचे साडेनऊ वाजलेत आणि बाहेर अजून ऊन आहे, नातवाला झोपवायचं म्हणजे दिव्य.

पहिला आठवडा फक्त तळ्याची फेरी केली. दुसऱ्या आठवड्यात कासावुओरी. तिसऱ्यात धीर आला आणि एस्पोच्या बाजूला गेले, तिथं माझी फजिती झाली ती ऐका. खानापुरीनं सांगितलेलं खूण सोडायची न्हाई. मी खूण सोडली नाही, पण खूणच भलती धरली. झाडाला एक नारिंगी-पांढरा कापडी डबा टांगलेला दिसला, मला वाटलं हीच वाटेची खूण. लांब दुसरा दिसला, गेले. तिसरा दिसला, गेले. तिसऱ्याला वाट अशी नव्हतीच, झुडपातनं गेले, चौथ्याला जाताना बूट पचकन आत. इकडं तिकडं बघते तर सगळं सारखं. मोबाईल काढणार तेवढ्यात दहा-बारा वर्षांची पोरं धावत आली, हातात नकाशा, बोटाला होकायंत्र बांधलेलं, त्या डब्याला काहीतरी टेकवलं, टिक असा आवाज आला आणि पळाली परत. तो म्हणे त्यांचा खेळ आहे, नकाशा बघून रानातले डबे हुडकायचे. मुद्दाम वाट नसेल तिथंच लावतात! एका मुलाला मी हातानंच विचारलं कुठनं जाऊ, तो थांबला, माझा चिखलातला बूट बघितला, आपला नकाशा माझ्यापुढं धरून बोट ठेवलं, आणि मग हातानं दाखवलं तिकडं. तीन मिनिटांवर पुरूराता होती. म्हणजे मी सगळा वेळ वाटेच्या शेजारीच होते.

घरी सांगितलं नाही. बूट नळाखाली धुतले आणि बाल्कनीत उन्हाला ठेवले, जावयांनी विचारलं तर म्हटलं नवीन बूट जरा ऊन दाखवतेय.

आता रोज दीड तास जाते. ब्लूबेरी सुरू झाल्यात. कालचा दिवसभर डबा घेऊन बसले होते, बोटं जांभळ्या शाईत बुडवल्यासारखी, शाळेत दौत सांडायची तशी. मुरंबा केला, साखर कमी पडली पण नातवानं पोळीबरोबर संपवला. रविवारी जावई म्हणाले आई तुमच्या बेरीच्या जागेला आम्हाला घेऊन चला. चालत नेलं.

निपाणीचे दादा, लाजालाहती बघून आले. फळीवरनं जाताना सारखं वाटत होतं की ह्यांना हे झेपलं असतं. त्यांना फोनवर सांगितलंय, नाही म्हणाले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. इथं सगळी म्हातारी माणसं दोन दोन काठ्या घेऊन चालतात, ह्यांच्यासाठी तशा घ्याव्या म्हणते. बेळगावात मिळतील का इथनंच आणू?

---

निपाणीचा_आजोबा

तिथंच घ्या ताई. नव्या न्हवे, जुन्या सामानाची दुकानं असतात, किर्प्पुतोरी म्हणतात, तिथं काठ्यांचा ढीग पडलेला असतोय. पण घेताना टोकाचं रबर बघून घ्या, माझ्या एका काठीला न्हवतं, निपाणीत आल्यावर पेठेतनं चालताना टक टक ऐकून सगळी कुत्री मागं लागली.